पेत्सामोच्या पाटीजवळचा माणूस

मुर्मान्स्कच्या पश्चिमेला, आघाडीवर
२० मार्च १९४४

झीना,

तुझं पत्र मिळालं. ‘चित्र काळं आलंय’ हे त्यात तू तीनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं. अगं, जानेवारीत इथे सूर्य उगवतच नाही. दुपारी आभाळ जरा निळसर होतं, तेवढ्यात जे हाती लागेल ते टिपायचं. तेही कॅमेऱ्यानं साथ दिली तर. थंडीत त्याचं वंगण मेणासारखं घट्ट होतं, म्हणून मी ते पेट्रोलनं धुऊन काढलं. आता तो कोरडाच फिरतो आणि दळण दळल्यासारखा आवाज करतो. फिल्म तर वाळक्या पावासारखी कटकन मोडते. मेंढीच्या कातड्याच्या कोटात कॅमेरा पोटाशी धरून झोपतो. लग्न झालेलं नाही म्हणून बरं.

तुझे आर्सेनी कोन्द्रात्येविच हल्ला मागतात. हल्ला कसा दिसतो इथे, सांगू? पांढऱ्या बर्फावर पांढऱ्या कपड्यातली माणसं रांगत जातात, समोरच्या दगडांमागचा शत्रूही पांढरा. पडद्यावर काय दिसणार? धुतलेली चादर! वार्तापट विभागाचा प्रमुख झाला म्हणून बर्फाचा रंग त्याच्या हुकमानं बदलतो का?

पण या खेपेला एक चांगलं पाठवतोय. तिसऱ्या डब्यात रेनडिअरवाले आहेत. हे उत्तरेकडचे नेनेत्स लोक. स्लेजला रेनडिअर जुंपून पुढच्या खंदकांतून जखमींना मागे आणतात. त्यातला एक प्रोकोपी ताइबारेय, त्याला मी जवळून घेतलंय. रुंद चेहऱ्याचा, हातात लांब काठी घेतलेला. वार्तापट जोडताना त्याला कापू नकोस. कारण सांगतो.

गेल्या शरदात त्याच्या बायकोला, उस्तिन्याला, तो मेल्याचा कागद गेला. मेला होता दुसराच ताइबारेय. या तुकडीत एकाच आडनावाचे बरेच जण आहेत. ह्यानं दोन पत्रं पाठवली, पण ह्याला लिहिता येत नाही, सोबत्यांनी लिहून दिली. गावात सगळे म्हणाले, बाईचं सांत्वन करायला कुणीतरी खोटं लिहितंय. आता थोरला दीर तिला एका विधुराच्या तंबूत धाडायला निघालाय. दोन लहान पोरं आहेत, टुंड्रात एकट्या बाईचं निभत नाही म्हणे.

प्रोकोपीनं मला विचारलं, “हे तुझं यंत्र नेस गावाला जातं का?” कानीन टुंड्रातलं त्याचं गाव ते. मी म्हटलं, यंत्र नाही, पण चित्र जातं. तिथे फिरता सिनेमा येतो. तो म्हणाला, “मग मला घाल त्यात. ती बघेल.”

मी हो म्हटलंय. आता तुझ्या हातात आहे.

(हे पत्र डब्यांबरोबर विमानानं येतंय. टपालात टाकलं असतं तर तपासणीवाल्यांच्या शाईनं निम्म्या ओळी काळ्या होऊन आल्या असत्या.)

ग्लेब

*

मॉस्को
१४ एप्रिल १९४४

ग्लेब,

पोटाशी कॅमेरा धरून झोपतोस ते ठीक, पण छातीला काही बांधतोस की नाही? लहानपणी तुझ्या खोकल्यानं अख्खं घर जागायचं, विसरू नकोस.

तुझा रेनडिअरवाला मी वार्तापटात लावला होता. साहेबांना दाखवताना काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“हे काय?”

“रेनडिअर, आर्सेनी कोन्द्रात्येविच.”

“ते मलाही दिसतंय. युद्ध कुठाय?”

“जखमींना मागे आणतायत.”

“जखमी दाखवायचे नाहीत. आणि ही जनावरं बघून लोकांना वाटेल, आपल्याकडे ट्रक नाहीत.”

“त्या भागात ट्रक चालत नाहीत.”

“मग तेही दाखवायचं नाही.”

कात्री माझ्याच हातात होती. कापलं. तुकडे टाकले मात्र नाहीत, माझ्या कपाटात खाली ठेवलेत. तू चिडशील, चीड. पण त्या बाईला खरं कळवण्याचा हा एकच मार्ग आहे का? त्याच्या तुकडीप्रमुखाला शिक्क्याचं पत्र लिहायला सांग ना. सरकारी कागदानं झालेली चूक सरकारी कागदानंच निस्तरेल.

इथे बटाटे मिळू लागलेत, थोडे किडके. तुझी बहीण तरीही जाड होत नाही.

झीना

*

आघाडीवर
११ जून १९४४

झीना,

आता इथे सूर्य मावळत नाही. तुझे साहेब आता म्हणतील चित्र पांढरं आलंय.

तुमचा वार्तापट परवा आमच्या खंदकात दाखवला. ‘उत्तरेच्या बर्फात आमचे वीर’. काय वीर होते गं! उभ्यानं धावत होते, छाती काढून, तेही पाइनच्या झाडांतून! झीना, इथे झाडं नाहीत. गुडघ्याएवढं झुडूप दिसलं तर सैनिक त्याला सलाम ठोकतो. शेवटी नाव कुणाचं? माझं.

“ग्लेब, ही झाडं कुठली रे? पत्ता दे, सरपण आणतो.”

“हल्ल्यात बूट एवढे चकचकीत कसे? पॉलिश तू करतोस का?”

हसले ते परवडलं. एक सार्जंट हसला नाही. चित्रात जिचं नाव होतं त्याच टेकडीवर त्याचे सोबती मारले गेले होते, मेमध्ये. त्यानं फक्त एवढंच विचारलं, “तू होतास ना तिथे?” मी होतो. मी रांगत होतो, शेजारी. माझी फिल्म कुठे गेली? कुणी ही मॉस्कोजवळच्या जंगलातली कवायत माझ्या नावावर चिकटवली? तू कळवलंसुद्धा नाहीस.

प्रोकोपी सगळ्यांच्या पुढे बसला होता. संपेपर्यंत बसला. मग म्हणाला, “मी कुठाय?” मी काय सांगणार, तू कपाटात आहेस?

तुझा शिक्क्याचा सल्लाही वाया गेला. तुकडीप्रमुखानं पत्र लिहिलं, शिक्का मारला, गोल, निळा. गावच्या शाळामास्तरणीनं ते उस्तिन्याला वाचून दाखवलं. तिचं उत्तर काल आलं: “कागदानं मारलं, आता कागदानं जिवंत करता. मी बघितल्याशिवाय मानणार नाही.” दिराला तिनं सांगितलंय, हिवाळ्यात कळप परत येईपर्यंत मी कुणाच्या तंबूत जाणार नाही. म्हणजे हिवाळ्यापर्यंतच मुदत आहे.

एवढंच कर. त्याला त्या पडद्यावर घाल.

ग्लेब

*

मॉस्को
२ जुलै १९४४

ग्लेब,

ओरडून झालं? आता ऐक.

तुझे मेमधले तीन डबे अर्धे धुरकट निघाले. झाकणाच्या फटीतून पाणी शिरलं होतं की काय, तुलाच ठाऊक. वार्तापट दर आठवड्याला निघतोच, जागा भरावी लागते. साहेबांनी कवायतीची फिल्म आणून टेबलावर टाकली. तुझं नाव काढलं असतं तर ‘हा माणूस तीन महिने काहीच पाठवत नाही’ असं झालं असतं, आणि तुला परत बोलावून दुसरा धाडला असता. मला वाटलं, नाव राहू दे. झाडांचं माझ्या लक्षात आलं नाही. मी कधी तुझ्या त्या उत्तरेत आलेय? मला काय माहीत तिथे झाड उगवत नाही?

प्रोकोपीचं बोलू. समज, साहेब उद्या मेहेरबान झाले आणि मी तो मार्चमधला तुकडा लावला. उस्तिन्या बघेल आणि म्हणेल, हे आधीचं आहे, मरण्याआधीचं. मग काय करशील? मी रोज मेलेल्या माणसांना हसताना, चहा पिताना, विड्या पेटवताना बघते, ग्लेब. फिल्मवर कुणी मेलेलं नसतं. तारीख दिसली पाहिजे. कागदानंतरची, आणि गावातल्या लहान पोरालाही माहीत असेल अशी.

ते कसं साधायचं ते तू बघ. तिथे तू आहेस.

पत्राच्या शेवटी ‘झीना’ लिहून थांबणार होते. पण त्या सार्जंटला सांग, चूक माझी.

झीना

*

किर्केनेस
३० ऑक्टोबर १९४४

झीना!

मिळालं!

सगळं सांगायला वेळ नाही, विमान थांबलंय. सातला मोहीम सुरू झाली, गारांचा पाऊस आणि चिखल. ट्रक रुतले, तोफा रुतल्या, शेवटी दारूगोळा माणसांच्या आणि रेनडिअरच्या पाठीवर गेला. पंधराला आम्ही जर्मनांच्या ताब्यातल्या पेत्सामो बंदरात होतो. मॉस्कोत तोफांची सलामी झाली ना? रेडिओवर साऱ्या देशानं ऐकलं ना? मग ती ही तारीख!

धक्का जळत होता. गावाच्या तोंडाशी पाटी होती, जर्मनांनी लावलेली, तिच्यावर आपल्या पोरांनी रंगानं मोठ्या अक्षरांत ‘पेत्सामो’ लिहिलं होतं. प्रोकोपीला मी ओढत तिथे नेलं. तो म्हणे, “जनावरं उपाशी आहेत.” म्हटलं, जनावरं नंतर! पाटीशी उभं केलं, मागे धूर, बंदर. तो लाकडासारखा ताठ. मी ओरडलो, “अरे हल! मेलेली माणसं हलत नाहीत!” तेव्हा तो हसला. तोंडभर. तो हसतो, टोपी काढतो, रेनडिअर त्याच्या बाहीला चाटतो. सगळं उजेडात, स्वच्छ, अक्षर न अक्षर वाचता येईल असं.

बाकी इथलं, नॉर्वेतलं किर्केनेस. शहर उरलंच नाही, जाताना त्यांनी सगळं जाळलं. माणसं खाणीच्या बोगद्यातून बाहेर आली, म्हाताऱ्या, पोरं, हातात झेंडा. तुझे साहेब खूश होतील. त्यांना झेंडे दे, मला तो पाटीजवळचा माणूस दे.

ग्लेब

*

मॉस्को
१६ नोव्हेंबर १९४४

ग्लेब,

चित्र फार सुंदर आलंय. मी तुझं कौतुक क्वचितच करते, तेव्हा जपून ठेव.

साहेबांनी झेंडे घेतले, बोगदा घेतला, रणगाडे घेतले. (तू रणगाडे पाठवले नव्हतेस; ते दुसऱ्या कुठल्यातरी आघाडीचे आहेत. आता ओरडू नकोस.) पाटीजवळ आल्यावर थांबले.

“पुन्हा हाच?”

“हा पेत्सामोत आहे, आर्सेनी कोन्द्रात्येविच. पाटी वाचा.”

“मला वाचता येतं. विजयाच्या दिवशी विजयी सैनिक दाखवायचा की बाही चाटणारं जनावर?”

मग मी सगळं सांगितलं. कागद, बायको, दीर, सगळं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. मग म्हणाले, “झिनाईदा, माझा मुलगा स्मोलेन्स्कपाशी बेपत्ता आहे. मी त्याला शोधायला वार्तापट वापरतो का?” तो माणूस वाईट नाही, हेच मला छळतं. वाईट असता तर मला रात्री नीट झोप लागली असती.

तुकडा बाहेर गेला. तू धीर धर. मी बघते काय ते. जास्त विचारू नकोस.

झीना

*

मुर्मान्स्क
२५ नोव्हेंबर १९४४

झीना,

थांब. काही केलं असशील तर काढून टाक.

आज इस्पितळात प्रोकोपी भेटला. किर्केनेसच्या पुढे एक रेनडिअर सुटून पळाला, हा त्याच्यामागे गेला आणि सुरुंगावर पाय पडला. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेत. मला वाटलं, बातमी देऊन त्याला जरा हसवावं. म्हटलं, चित्र मॉस्कोला पोचलं, माझी बहीण खटपट करतेय.

“तुझ्या बहिणीला सांग, जाळ म्हणावं ते.”

“अरे, मार्चपासून तूच माझ्यामागे लागला होतास!”

“तेव्हा मला पाय होते.”

मी त्याला समजावू लागलो. तो भिंतीकडे तोंड करून बोलत राहिला. “रेनडिअर धरायला धावावं लागतं. फासा टाकायला उभं राहावं लागतं. टुंड्रात बिनपायाचा माणूस म्हणजे तंबूत बसून खाणारं तोंड. ती माझ्यासाठी रडून मोकळी झालीय. तो विधुर बरा माणूस आहे, मी ओळखतो त्याला. पोरं उपाशी राहणार नाहीत. कागद आला तो आला, चूक कशाला दुरुस्त करता?”

“आणि तू कुठे जाशील?”

“अपंगांचं घर असतं म्हणे कुठेतरी.”

मला संताप आला, त्याचा, सुरुंगाचा, सगळ्याचाच. पण माणसाच्या बायकोला काय कळावं हे त्यानंच ठरवायचं, मी कोण? म्हणून लिहितोय. ते चित्र जाऊ देऊ नकोस. आणि कुणाला कळवू नकोस. मी त्याला शब्द दिलाय.

ग्लेब

*

मुर्मान्स्क
१८ डिसेंबर १९४४

झीना,

तीन आठवडे उत्तर नाही. आत्तापर्यंत दोन विमानं आली, डबे आले, साहेबांच्या सूचना आल्या (‘जास्त हसरे चेहरे’). तुझी एक ओळ नाही. तुला राग आलाय की वेळ नाही? तुला तिथे ऊबदार खोलीत बसून दोन ओळी लिहायला काय होतं? मी इथे रोज त्या माणसाच्या खाटेशी जातो, तो विचारतो, “जाळलं ना?” आणि मी मूर्खासारखा मान डोलावतो.

सगळं आयुष्य तू मला सांगत आलीस काय करायचं. आता एकदा मी सांगितलं तर गप्प.

ग्लेब

*

मॉस्को
१० जानेवारी १९४५

ग्लेब,

ऊबदार खोलीत मी नाही. गेला महिना फिल्म धुण्याच्या खोलीत आहे, हात कोपरापर्यंत गार पाण्यात. बोटं सुजतात, पेन धरवत नाही. म्हणून उत्तर नाही. शिवाय मी तुझ्यावर इतकी चिडले होते की लिहिलं असतं तर कागद जळाला असता.

तुझं ‘थांब’ पोचण्याआधीच डबे गेले होते. खेड्यांत फिरणाऱ्या सिनेमासाठी वार्तापटाची मुकी प्रत निघते, आवाजाऐवजी मथळ्यांची. नेस गाव ज्या अर्खान्गेल्स्क भागात येतं, तिथल्या प्रतीत मी तुझा माणूस स्वतःच्या हातानं जोडला. आधी ‘पेत्सामो, ऑक्टोबर १९४४’ असा मथळा, मग तो. टाळ्या वाजवणारी एक सभा काढली, कुणाला तिची आठवण येणार नव्हती.

आणि कुणाला पत्ताही लागला नसता! पण तिथल्या सिनेमा कचेरीतल्या कुणा भल्या माणसानं कौतुकाचं पत्र धाडलं: ‘रेनडिअरवाला लोकांना फार आवडला, असेच आणखी पाठवा.’ साहेब पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. “कुठला रेनडिअरवाला?” पुढचं तुला कळलंच असेल. माझ्यावर खटला झाला नाही, तो त्यांनी होऊ दिला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. संकलनाचं टेबल मात्र गेलं.

आता तुझ्या शब्दाबद्दल. शब्द तू दिलास, मी नाही. ‘माणसाच्या बायकोला काय कळावं ते त्यानं ठरवायचं’ हे वाक्य मी दहादा वाचलं. कुठे शिकलास रे हे? ती बाई वर्षभर सगळ्या गावाशी भांडतेय, एकटी, आणि तुम्ही दोघं पुरुष इस्पितळात बसून तिचं लग्न लावताय! विधुर बरा आहे म्हणे! तिला विचारलंत?

मी नेसच्या शाळामास्तरणीला पत्र लिहिलंय, उस्तिन्याला वाचून दाखवा म्हणून. तिला लिहिलंय: तो जिवंत आहे, पाय गेलेत, मुर्मान्स्कच्या इस्पितळात आहे, आणि तुला कळू नये असं त्याला वाटतं. पुढे काय करायचं ते तू ठरव. एवढंच. कागदावर तिचा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे. पण या वेळी आधी पडदा गेलाय, कागद मागाहून.

आता तूही हवं तर माझ्याशी बोलू नकोस.

झीना

*

मुर्मान्स्क
४ मार्च १९४५

झीना,

बोलणार नव्हतोच. तुझं पत्र आल्यावर मी ते फेकलं, पुन्हा उचललं, तुला शिव्या घालणारं उत्तर लिहिलं आणि चुलीत घातलं. प्रोकोपीला काही सांगितलं नाही. रोज जायचो तो एक दिवसाआड जाऊ लागलो. तोंड दाखवायची लाज वाटायची.

परवा गेलो तर दारात गोंधळ. कातड्याच्या अंगरख्यातली एक बुटकी बाई, धुराचा आणि माशांचा वास, आणि परिचारिका तिला म्हणतेय, “असं आत जाता येत नाही, परवानगी लागते, कागद लागतो.” बाई म्हणाली, “कागद नको, नवरा पाहिजे.” मी पुढे झालो, मी सैन्यातला मोठा अधिकारी आहे म्हणून खोटंच दरडावलं, आणि तिला आत नेलं. स्लेजनं मेझेन, तिथून अर्खान्गेल्स्क, मग आगगाडी. पोरं मास्तरणीकडे ठेवलीत.

प्रोकोपीनं तिला बघितलं आणि पांघरूण वर ओढलं.

“तुला कुणी सांगितलं यायला?”

“तू. पडद्यावर उभा होतास.”

“आता उभा राहू शकत नाही.”

“दिसतंय. आंधळी नाही मी.”

ती खाटेच्या कडेवर बसली. शाळेत सिनेमा लागला तेव्हा काय झालं ते तिनं मलाच सांगितलं, त्याच्याकडे पाठ करून. त्याला बघून सगळे ओरडले. दीर म्हणाला, जुनं असेल. तिनं त्याला पोरांसमोर विचारलं, “पेत्सामो कधी घेतलं? रेडिओ ऐकायला तूच पहिल्या बाकावर बसला होतास ना?” मग सिनेमावाल्याला तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. यंत्राचं पेट्रोल संपलं तेव्हा कुठे लोक उठले. विधुरानं आपल्या रेनडिअरांची जोडी भेट म्हणून आणून बांधली होती, ती तिनं दुसऱ्या दिवशी सोडून दिली.

“तूच का चित्रवाला?” तिनं मला विचारलं.

“हो.”

“फार छोटं काढलंस. डोळा पुसेपर्यंत संपतं.”

मी काय सांगू तिला, झीना? तेवढंसुद्धा कसं पोचलं ते?

मग ती त्याच्याकडे वळली आणि आवाज चढला. “कागदानं मेलास तेव्हा मी रडले. पण तू आपणहून मेलास हे कळलं तेव्हा नाही रडले. इतकी चिडले की मेझेनपर्यंत जनावरांना नीट चरू दिलं नाही.”

“जनावरं उपाशी ठेवलीस?” तो ताडकन उठून बसला.

“मग? तुझ्यामुळे!”

“फासा कोण टाकणार आता? पळालेलं जनावर कोण धरणार?”

“मी धरीन. गेली तीन वर्षं कोण धरतंय? तू बसून हाक. स्लेजवर सगळे बसूनच हाकतात.”

ते दोघं मग त्यांच्या भाषेत भांडू लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा तोफखान्यातला म्हातारा मला म्हणाला, “जा रे बाबा, आता यांना तू नकोस.” मी बाहेर जाऊन विडी ओढली. परत आलो तेव्हा तो तिच्या शिदोरीतला गोठवलेला मासा खात होता, वरमलेला चेहरा करून, आणि ती त्याच्या दाढीतले खवले काढत होती.

आज इस्पितळातून सोडल्याचे कागद झाले. आगगाडीपर्यंत स्ट्रेचर मिळेना, ते उचलणारे जेवायला गेलेले. ती थांबली नाही. त्याला पाठुंगळी घेतलं आणि जिना उतरू लागली. तो सगळा वेळ कुरकुरत होता, “खाली ठेव, लोक बघतायत.” ती म्हणाली, “बघू देत. आपल्या गावचे असते तर आणखी बरं झालं असतं.”

गाडी उशिरा सुटली, पण सुटली.

मला पश्चिमेकडे पाठवतायत, समुद्रकिनाऱ्यावर कुठेतरी. जाण्याआधी आर्सेनी कोन्द्रात्येविचना पत्र लिहिलंय, की तो तुकडा जोडायला मी तुला भाग पाडलं, शिक्षा मला द्या. खोटं आहे, पण त्यांना झाडं चालली, तर हेही चालेल. तुला टेबल परत मिळेल असं मला वाटत नाही. डब्यात सीलची चरबी ठेवलीय, वास घाण आहे, पण इथले कोळी हातांना तीच लावतात. बोटांना चोळ, आणि नको म्हणू नकोस.

तुझा
ग्लेब